रुग्णवाहिका येईपर्यंत आपण काय करतो? प्रत्येक घरात एकाला तरी प्रथमोपचार यायला हवेत

फजरची नमाज नुकतीच संपली होती. मस्जिदीच्या पायऱ्यांवर चपला शोधता शोधता आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग अचानक खाली बसले आणि तसेच आडवे झाले. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी तळपाय चोळले, कुणी कांदा हुंगवायला सांगितलं, कुणी रुमालानं वारा घालत राहिलं. दोघांनी त्यांना उठवून बसवायचा प्रयत्न केला. मग एक रिक्षा मिळाली, तिच्यात त्यांना कसंबसं घातलं आणि दवाखाना गाठला. या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुणी छाती दाबली होती का?" कुणीच दाबली नव्हती. त्याच दिवशी असरनंतर त्यांचा जनाजा निघाला.

त्या गर्दीत आम्हीही होतो. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हातात आहे, यात आम्हाला शंका नाही. छाती दाबली असती तर ते नक्की वाचले असते, असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. पण प्रयत्न करणं आपल्या हातात होतं आणि तो कसा करायचा, हे पंचवीसपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणूनच आज या विषयावर लिहीत आहोत.

प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकी नव्हे

आपल्याकडे प्रथमोपचार म्हटलं की कापूस, आयोडीन आणि पट्टीचा डबा डोळ्यांसमोर येतो. डबा हवाच, पण खरी गोष्ट डब्यात नसते. वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंत माणसाचा जीव टिकवणं, त्रास वाढू न देणं आणि चुकीचं काही होऊ न देणं, याला प्रथमोपचार म्हणतात. त्यासाठी ना डिग्री लागते ना इंजेक्शन. दोन हात, थोडं डोकं आणि एकदा नीट घेतलेलं प्रशिक्षण पुरेसं असतं.

महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि आजवर असंख्य लोकांना तिचा फायदा झाला आहे. पण रुग्णवाहिका कितीही जलद निघाली तरी भिवंडीच्या गल्लीत ट्रॅफिक आहे आणि कोकणातल्या वाडीपर्यंत वळणावळणाचा रस्ता आहे. ती येईपर्यंतची दहा, वीस, कधी चाळीस मिनिटं आपलीच असतात.

आता आपल्या घरांचा विचार करा. रायगड, रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतले कमावते पुरुष दुबईत, कुवेतमध्ये किंवा मुंबईत असतात. घरी कोण? म्हातारे आईवडील, सून आणि लहान मुलं. काही झालं तर पहिला हात त्यांचाच पुढे येणार. त्यामुळे हे शिक्षण फक्त तरुण पोरांचं नाही. सगळ्यात आधी ते घरातल्या बायकांपर्यंत पोहोचायला हवं.

हृदय थांबतं तेव्हा

हृदय बंद पडलं की मेंदूला रक्त मिळत नाही. साधारण चार मिनिटांनंतर मेंदूची हानी सुरू होते. काहीच केलं नाही तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा वेळी बाहेरून छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, याला सीपीआर म्हणतात.

ओळखायचं कसं? खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय थांबलं आहे असंच समजा. कधी कधी माशासारखे तुटक आचके येतात. त्याला श्वास समजून लोक थांबतात, तो श्वास नव्हे. लगेच एकाला १०८ लावायला सांगा आणि फोन स्पीकरवर ठेवा. माणसाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध ठेवा, वर दुसरा हात, कोपरं ताठ. मग जोरात दाबा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. एक माणूस दोन मिनिटांत दमतो, म्हणून आळीपाळीनं करा. मदत येईपर्यंत थांबू नका.

तोंडाने श्वास द्यायचं शिकला नसाल तर नुसती छाती दाबली तरी चालतं. लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांना मात्र श्वास देणंही फार गरजेचं असतं. ते प्रशिक्षणातच नीट समजतं. बुडालेल्याचं पोट दाबून पाणी काढायची आपली जुनी पद्धत चुकीची आहे, त्यानं वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं.

"बरगडी मोडली तर?" असा प्रश्न हमखास येतो. मोडू शकते. पण मोडलेली बरगडी जुळते.

आणखी एक. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, मळमळ असं काही होत असेल तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत बसू नका. माणूस शुद्धीत असतानाच १०८ला फोन करा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, ही लकव्याची चिन्हं आहेत. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. मालिश नंतर करता येते, ते तास परत येत नाहीत.

घरातले अपघात, घरातल्या समजुती

रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास आठवा. कढईत भजी, बाजूला समोसे, पायात घुटमळणारी मुलं. तेल उडालं की घरातून चार आवाज येतात. एक म्हणतं टूथपेस्ट लावा, दुसरं म्हणतं हळद, तिसरं म्हणतं शाई, चौथं बर्फ आणायला धावतं. यातलं काहीच करायचं नाही.

भाजलेला भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचा. घड्याळ लावून २० मिनिटं. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून हात काढून घेतला तर आतली उष्णता त्वचा जाळतच राहते. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग स्वच्छ, धुतलेल्या सुती कपड्यानं सैल झाका. मूल लहान असेल तर बाकीचं अंग पांघरुणात गरम ठेवा. चेहरा, हाताचे पंजे, गुप्तांग किंवा शरीराचा मोठा भाग भाजला असेल तर लगेच हॉस्पिटल. दुपट्ट्यानं पेट घेतला तर पळायचं नाही. जमिनीवर लोळायचं, किंवा दुसऱ्यानं जाड चादरीत गुंडाळायचं.

घशात घास अडकणं ही दुसरी गोष्ट. दावतीत घाईघाईत खाताना मोठ्यांना होतं, शेंगदाणा किंवा खजुराची बी गिळताना मुलांना होतं. माणूस खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल, हात गळ्याकडे जात असेल तर त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं ५ जोरदार थापा मारा. नाही निघाला तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके द्या. पुन्हा थापा, पुन्हा झटके. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीच द्यायचे नाहीत. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर थापा आणि मग उताणं करून छातीवर दाब द्यायचा. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते.

फिट आली की आपल्याकडे चप्पल हुंगवतात, कांदा धरतात, दातांत चमचा घालतात. चमच्यानं दात मोडतात, श्वास अडकतो. फायदा काहीच नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा, डोक्याखाली मऊ कपडा ठेवा, धरून ठेवू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा. वेळ मोजा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ आली किंवा आयुष्यात पहिल्यांदा आली तर १०८. "आसर झालाय" म्हणून दिवसेंदिवस फक्त दम-तावीज करत राहणारी घरं आम्ही पाहिली आहेत. दुआ जरूर करा, पण अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर बहुतेकांना तो आटोक्यात ठेवता येतो.

जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याची घडी ठेवून थेट जखमेवर दाबा आणि दाबून ठेवा. दर मिनिटाला उचलून बघू नका. पावसाळ्यात कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा. एकाला वाचवायला दुसरा धावतो आणि दोघंही जातात, असं दरवर्षी ऐकू येतं.

साप, विंचू आणि महाडची आठवण

कोकणात राहणाऱ्यांना फुरसं काय असतं ते सांगायला नको. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. चावल्यावर घट्ट दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, तोंडानं विष ओढणं, हे सगळं नुकसान करणारं आहे. माणसाला धीर द्या, चालायला लावू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, अंगठी, पैंजण काढा, वेळ लक्षात ठेवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. विष उतरवायला एकच औषध आहे, सर्पविषप्रतिबंधक लस, आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

विंचवाचं तर उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून दाखवलं. त्यांचं काम 'द लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं आणि २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध दवाखान्यात आहे आणि मूल मांत्रिकाच्या ओटीवर, असं असेल तर उपयोग काय? विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर एक मिनिटही दवडू नका.

रमजान आणि हज

शुगरचे रुग्ण रोजा ठेवतात तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं म्हणजे साखर उतरली. मशीनवर आकडा ७० च्या खाली असेल तर रोजा सोडायचा, असं डॉक्टर सांगतात. आजारात रोजा सोडण्याची आणि नंतर कजा करण्याची सवलत दीननंच दिली आहे. माणूस शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी किंवा खजूर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा.

हजचं सांगायचं तर २०२४च्या हजमध्ये उन्हानं १,३०० हून अधिक लोक गेले. उष्माघातात अंग तापतं, माणूस बरळतो, बेशुद्ध होतो. त्याला सावलीत न्या, जास्तीचे कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान-काखा थंड करा. रुग्णवाहिकेची वाट बघत थंड करणं थांबवू नका. हजला जाणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी तरबियत शिबिरं होतात. तवाफ, सई, एहराम सगळं शिकवलं जातं. त्यात एक तास याला द्यावा, अशी आमची संयोजकांना विनंती आहे.

"पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार?"

हायवेवर अपघात दिसला की गाडी हळू होते, लोक बघतात आणि पुढे जातात. कारण एकच, नंतर पोलीस आणि कोर्टाचे हेलपाटे नकोत. आपल्या समाजातल्या तरुणांना ही भीती जरा जास्तच वाटते, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून कायदा नीट माहीत करून घ्या.

२०१६च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं. मग २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. त्यानुसार चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही की पैसे मागू शकत नाही. त्याही आधी, १९८९मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की जखमीला तातडीचे उपचार देणं हे सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांचं कर्तव्य आहे. पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची बक्षीस योजनाही आहे. २०२१मध्ये ५,००० रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम २०२५मध्ये २५,००० करण्यात आली.

हात लावायचा संकोच

हा विषय बोलायला अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. रस्त्यात एखादी बाई कोसळली तर पुरुष हात लावायला कचरतात. हा संकोच फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या अभ्यासांतही सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो असं दिसलं आहे. जीव जात असताना मनाई असलेल्या गोष्टीलाही सवलत मिळते, हा फिकहचा जुना आणि मान्य उसूल आहे. आणि सीपीआर कपड्यांवरूनच करतात. बुरखा काढावा लागत नाही, छातीवरची जाड घडी सारली की झालं. आजूबाजूच्या बायकांना चादर धरून आडोसा करायला सांगता येतं.

पण यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जास्तीत जास्त बायकांनी हे शिकणं. यात नवं काही नाही. रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचा जखमींसाठीचा तंबू मस्जिदे नबवीच्या आवारात होता, हे आपल्याला इतिहास सांगतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा तिथेच झाली. ज्या उम्मतच्या पहिल्या पिढीत मस्जिदीच्या आवारात बाईच्या हातून जखमींवर उपचार झाले, तिच्या मोहल्ल्यातल्या मुली प्रथमोपचार शिकल्या तर कुणाला हरकत असावी?

शिकायचं कुठं, सुरुवात कशी करायची

व्हिडिओ बघून माहिती मिळते, हात तयार होत नाहीत. छाती किती जोरात दाबायची, ते पुतळ्यावर दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. इंडियन रेड क्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स यांचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात आणि प्रमाणपत्रही मिळतं. मुस्लिम देशांत जिला रेड क्रिसेंट म्हणतात, ती याच चळवळीची बहीण. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. मोहल्ल्यातले डॉक्टर, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, अग्निशमन दलातले कुणी ओळखीचे असतील तर त्यांनाही बोलवता येतं. प्रमाणपत्राचा उपयोग नोकरीतही होतो. बस कंडक्टरच्या परवान्यासाठी ते लागतं आणि कारखाना कायद्यातही कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या पेटीची जबाबदारी प्रशिक्षित माणसाकडे असावी, अशी तरतूद होती.

मस्जिद आणि जमातीच्या ट्रस्टींना आम्ही चार गोष्टी सुचवतो. एक, जुम्यानंतर किंवा रविवारी वर्षातून दोनदा शिबिर घ्या, त्यात बायकांसाठी वेगळी बॅच ठेवा आणि शिकवायला बाईच असू द्या. दोन, मदरशातल्या आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना यात घ्या, मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. तीन, वजूखान्याजवळ प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतीवर १०८, ११२ आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लावा. चार, शिकलेल्यांची यादी ठेवा आणि दर दोन वर्षांनी उजळणी घ्या, कारण हे कौशल्य न वापरता विसरायला होतं.

खर्च फार नाही. एका सबिलच्या किंवा एका दावतीच्या खर्चात पूर्ण मोहल्ल्याचं शिबिर होतं.

त्या सकाळनंतर आमच्या मस्जिदीत एक शिबिर झालं. एकतीस जण आले. त्यात त्या बुजुर्गांची नातही होती. पुतळ्याची छाती दाबताना दोन मिनिटांत ती घामाघूम झाली, तरी शिकवणाऱ्यांनी थांब म्हणेपर्यंत थांबली नाही. पुढच्या शिबिरासाठी मोहल्ल्यातल्या बायकांची नावं तिनेच लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. तुमच्या मोहल्ल्यात अशी यादी कोण करणार, ते या जुम्याला ठरवून टाका.